रेघ मारून ठेवलेला कागद

११ सप्टेंबर

ताई,

दचकलीस ना? खरं सांग. लिफाफा उघडलास आणि आतून खर्रर्र झालं, तेव्हा तुला वाटलं असणार की आत भलामोठा किडा आहे. किडा नाही, बाबांच्या डब्यातलं कोटाचं बटण आहे. वाकवलेल्या तारेत रबरबँड, रबरबँडमध्ये बटण, भरपूर पीळ द्यायचा आणि कागदात दाबून बसवायचं. उघडलं की सुटतं. आधी टपालवाल्या काकांवर करून बघितलं. तेव्हापासून ते आपल्या दारात पत्र ठेवत नाहीत, लांबूनच भिरकावतात.

हा उद्योग एवढ्यासाठी की तू माझं अक्षर बघून पत्र न वाचताच ठेवून दिलं असतंस. दचकलेला माणूस शिव्या देतो, पण पुढचं वाचतो. फोन केला की तू "कामात आहे" म्हणतेस आणि ठेवतेस. पत्र ठेवलंस तरी ते तिथंच पडून तुझ्याकडे बघत राहणार. पत्ता तुझ्या चष्मेवाल्या मैत्रिणीकडून काढला. कसा काढला ते विचारू नकोस, तिचा चष्मा तिला परत दिलाय.

इकडचं सगळं ठीक आहे. आई ठीक. मी ठीक. बाबांचं शिवणाचं टेबल ठीक, त्याच्या उजव्या टोकाला आता खोकी रचलेली आहेत. तू बसायचीस तिथं. तुझं कोपर माझ्या कोपराला लागायचं म्हणून मी किती बोंब मारायचे, डावखुऱ्या माणसांना वेगळी खोली द्या म्हणून. आता कोपर ऐसपैस पसरून बसते. काही मजा येत नाही.

आईची गंमत सांगते. तू जाताना म्हणालीस ना, बाबा गेल्यापासून लोक आपली हातानं केलेली कार्डं दया म्हणून घेतात. आणि ती म्हणाली, मग तुझ्या घडीवाचून माझं काही अडत नाही. तू निघालीस मशीनच्या छापखान्यात, आणि आई तिचा शब्द पाळत बसली. अगं, इतका पाळतेय की तिनं घडीच बंद करून टाकली. कार्ड उघडतच नाही आता, आत काही उभं राहत नाही. नुसता एक चौकोन, त्यावर कागदाची फुलं. पुढून फूल, मागून काही नाही. दुकानदारानं हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, हे उभं कसं करायचं, भिंतीला टेकवून का? आई म्हणाली, हो. आईपुढे कोण बोलणार?

पूर्वी कसं होतं, आई कापणार, तू घडी घालणार, मी चिकटवणार. आता आई कापते आणि मी चिकटवते, मधलं काही नाहीच.

तुझा चमचा, ज्याच्या पाठीनं तू घडी दाबायचीस, तो पेन्सिलींच्या ग्लासात उभा आहे. मी त्यानं चहात साखर ढवळली तर आईनं हातातून काढून घेतला, धुतला, पुसला आणि परत ग्लासात ठेवला. तुझं नाव ती घेतच नाही. "ते", "तिकडचं", "ती खुर्ची", असं चालतं.

मला तुझी आठवण वगैरे येत नाही. चमच्याला येते. त्याच्या वतीनं लिहिलंय.

तुझी,
भिंगरी


२६ सप्टेंबर

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. बटण तरी परत पाठवायचं, कोटाचं होतं.

आता काम आहे तुझ्याकडे, नीट वाच. आपल्या ग्रंथालयाच्या बाई आठवतात? त्याच, ज्या मला बघितलं की टेबलावरचा शिक्का उचलून ड्रॉवरमध्ये ठेवतात. एकदाच मी त्यांच्या कपाळावर, म्हणजे त्यांनी डोकं टेकलं होतं तेव्हा, जाऊ दे. तर त्या निवृत्त होतायत. नोव्हेंबरच्या शेवटी. त्यांच्या मनात आहे की जितके नेहमीचे वाचक आहेत त्या प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं. उघडलं की आत पुस्तकांचं कपाट उभं राहिलं पाहिजे, फळ्यांसकट.

मी म्हटलं, आमच्याकडे आता चपटी कार्डं मिळतात. त्या म्हणाल्या, चपटं नको. मग मला आत नेलं आणि टेबलावरचं दाखवलं. आपलं कार्ड. ते झोपाळ्याचं झाड, आईनं खूप पूर्वी कापलेलं, तू तेव्हा शाळेत होतीस. रंग उडालाय, एक पान मी तिरकं चिकटवलंय तेही दिसतं. पण ताई, ते अजून ताठ उभं आहे. इतकी वर्षं. त्या म्हणाल्या, रोज सकाळी खिडकी उघडली की वाऱ्यानं सगळं पडतं, हे पडत नाही. मला हेच हवंय.

मी विचारलं, दया म्हणून घेताय का? बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, तुझ्यावर मी दया करीन असं तुला वाटलंच कसं?

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. बाकी काही नाही.

मी हो म्हणून मोकळी झाले. घरी आईला सांगितलं की घडी मी घालणार. आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली, ते माझ्यावर हसली म्हणून काही बिघडलं नाही. म्हणाली, घाल की. मलाही बघू दे गंमत. आणि खरंच कापायला बसली, कपाट, फळ्या, बारीक बारीक पुस्तकं, एक पुस्तक कललेलं. तिचा हात चालायला लागला की काय वाटतं तुला ठाऊक आहे.

मग मी घडी घातली. तुझ्यासारखं सगळं केलं. संपलेल्या बॉलपेननं पट्टी धरून रेघ ओढली, रेघेवर कागद दुमडला, चमच्याच्या पाठीनं दाबला. कपाट उभं राहिलं. मग एका बाजूला झुकलं, जणू कुणाच्या तरी कानात काही सांगतंय. मग झोपलं. दुसरं सरळ मागे पडलं. तिसऱ्यात फळ्या उभ्या राहिल्या आणि कपाट बसलं. आई स्वयंपाकघरातून बघत होती आणि बघत नाही असं दाखवत होती.

तर सोबत कापलेले कागद पाठवतेय. तू घडी घालून परत पाठव. मी आईला सांगणार की मी घातली. मशीनवर घालू नकोस हं, हातानं घाल. मशीनची घडी आई लांबून ओळखते. ती म्हणते ती घडी नव्हेच, कागदाला झालेली जखम आहे.

कुणाला कळणार नाही. टोप्या घालण्यात माझा हात कुणी धरलाय का आजवर?

भिंगरी


१२ ऑक्टोबर

ताई,

पार्सल आलं. टपालवाल्या काकांनी ते काठीनं पुढे ढकललं.

मी जिन्यातच उघडलं. सगळ्या घड्या घातलेल्या, एकेक करून पातळ कागदात ठेवलेल्या, तुझ्याच पद्धतीनं. मग मी चिठ्ठी शोधली. पातळ कागद झटकला, खोकं उलटं केलं, तळाचं वर्तमानपत्र वाचून काढलं. तुझ्या गावात कुणाची तरी सायकल हरवलीय एवढं कळलं. एक ओळ लिहिली असतीस तर हात झिजला असता का? "खा, पी, मर" एवढं जरी लिहिलं असतंस.

जाऊ दे. खोकं काढून टाकलं, घड्या माझ्या खोलीत नेल्या, जरा वेळ टेबल ठोकलं, शिव्या घातल्या, म्हणजे काम चालू आहे असं वाटावं. मग रुबाबात बाहेर आले आणि आईपुढे एक कार्ड ठेवलं. उभं राहिलं. फळीवरचं ते कललेलं पुस्तकसुद्धा नीट कललं.

आईनं कार्ड उचललं. घडीवरून बोट फिरवलं, वरून खाली. अगदी खालच्या टोकाला बोट थांबलं. तिथं तू अंगठ्याचं नख टेकवतेस ना शेवटी, तसा बारीक खड्डा मी पण केलाय असं सांगायला मी तोंड उघडणार होते, पण तिनं काही विचारलंच नाही. नुसतं म्हणाली, "हात बसला तुझा."

जिंकलो आपण.

मग ती स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. मी जाऊन बघितलं तर धुवायला एक भांडं नव्हतं. म्हातारपणी माणसं पाणी फार वाया घालवतात.

एकच जागा अडचणीची आली. संध्याकाळी आवराआवर करताना आई म्हणाली, उद्यासाठी रेघ मारून नाही ठेवलीस? मी विसरलेच होते ते. तू रोज संध्याकाळी टेबलावरून उठायच्या आधी एका कागदावर रेघ ओढायचीस, पण दुमडायची नाहीस. बाबांच्या इस्त्रीखाली ठेवायचीस. रेघ मारलेला कागद म्हणजे दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या पहिलं काम तेच, आणि ज्यानं रेघ मारली त्यानंच ती दुमडायची, दुसऱ्यानं हात लावला की घडी तिरकी जाते. मी एकदा तुझ्या आधी उठून दुमडून ठेवली होती, तर तू मला असा चिमटा काढलास की आठवडाभर मी सगळ्यांना तो डाग दाखवत होते, मला साप चावला म्हणून.

मी आईला म्हटलं, मला उद्याचं आज ठरवायची सवय नाही. ते तिला पटलं. ते कुणालाही पटतं.

दुसरा गठ्ठा सोबत पाठवतेय. आणि या वेळी एक ओळ. चमचा विचारतोय.

भिंगरी


२५ ऑक्टोबर

ताई,

दुसरा गठ्ठा पोहोचला. घड्या झकास. ओळ नाही. तुझं तोंड पण घडी घालून ठेवलंयस वाटतं.

तिसरा गठ्ठा पाठवतेय, पण आधी माफी मागते, माझी नाही, आईची. तिचं लक्ष ठिकाणावर नाही. आई कोपऱ्यात पेन्सिलची बारीक टिकली करते ना, पट्टी कुठून लावायची त्याची खूण? पहिल्या गठ्ठ्यात टिकल्या डावीकडे होत्या. मला आधी ठाऊकच नव्हतं टिकल्या असतात म्हणून, माझ्या हातात कागद यायचा तेव्हा तू त्या खोडून टाकलेल्या असायच्या. तर दुसऱ्या गठ्ठ्यात सगळ्या टिकल्या उजवीकडे. मला वाटलं चुकली असेल. या तिसऱ्यातही उजवीकडे. आणि कागद पण तिनं जाड आणलाय, तो खरखरीत, जो फक्त तुला आवडायचा. कागदवाला म्हणाला, आई स्वतः येऊन बोटानं चाचपून घेऊन गेली. मी म्हटलं आई, मला पातळ बरा पडतो. ती म्हणाली, घडी धरायला जाडच बरा. जसं काही माझ्या घड्यांचा तिला दांडगा अनुभव आहे.

आणि बोलते पण विचित्र. परवा म्हणाली, घड्या घालून बोटं दुखतात का गं? मी म्हटलं नाही. मग विचारलं, तिथं उजेड पुरतो का? मी म्हटलं तिथं म्हणजे कुठं, माझी खोली ती समोर, दिवा तूच लावलायस. गडबडली. मग म्हणाली, आधी जेवत जा आणि मग बसत जा. मी तिच्यासमोर ताटावर बसले होते. तोंडात घास होता.

तू हसू नकोस. मला काळजी वाटते. अशानं एक दिवस माझ्याऐवजी शेजारच्या मांजराला आंघोळ घालेल.

तू इथं असतीस तर तुला विचारलं असतं, आईला काय झालंय. तुला तिचं न बोललेलं पण कळायचं, म्हणून तर तुमचं भांडण इतकं छान व्हायचं. आम्ही दोघी भांडतो तेव्हा मी विनोद करते आणि ती उठून जाते. यात काय राम आहे?

टेबलावर तुझ्या बाजूला उन्हाचा एक तुकडा पडतो दुपारी, खोक्यांवर. पूर्वी तो तुझ्या हातावर पडायचा, मी त्याला बघत बसायचे आणि चिकटवायचं विसरायचे. आता खोक्यांवर काय बघणार?

भिंगरी


८ नोव्हेंबर

ताई,

मला शेंडी लावली गेली आहे. मला! आणि लावणाऱ्या दोघीजणी, तू आणि ती.

काल आई शेवटचा गठ्ठा कापत होती. मी बाजूला बसून एका दुसऱ्या बटणाला पीळ देत होते. बघते तर हिनं परत टिकली उजव्या कोपऱ्यात. म्हटलं आता बोलायलाच हवं. म्हटलं, आई, तू उलटीकडे खुणा करतेस, पट्टी डावीकडून लावतात. तिनं वर बघितलं नाही. पुढचा कागद घेतला, टिकली केली, उजवीकडेच, आणि म्हणाली, "डावखुऱ्या माणसाला तिकडून सोपं जातं."

माझ्या हातातलं बटण सुटलं. खर्रर्र. मीच दचकले.

मी डावखुरी नाही, ताई.

मग ती कापत राहिली आणि मी गप्प बसले. मी! कागदवाला बिलाचे सुट्टे पैसे द्यायला आला होता, त्यानं विचारलं हिची तब्येत बरी आहे ना.

मी नंतर सगळं जुळवलं. पहिल्या कार्डावरून तिनं बोट फिरवलं तेव्हाच तिला कळलं होतं. नखाच्या खड्ड्यावर थांबली तेव्हाच. "हात बसला तुझा" हे तिनं मला म्हटलंच नव्हतं. आणि उजेड पुरतो का, जेवून बसत जा, ते पण मला नव्हतं. मी आपली पोस्टाची पेटी. माझ्या तोंडात टाकायचं आणि तुझ्याकडे जायचं. आणि तसं मी तुला लिहून पाठवलंच की, शब्द न् शब्द.

आणि तू! उजवीकडे टिकल्या दिसल्या तेव्हा तुला पण कळलं असणार. तू ओळखतेस तिच्या टिकल्या. तरी एक अक्षर नाही. तुम्ही दोघी माझ्या डोक्यावरून बोलत होतात आणि मला वाटत होतं की मी दोघींना बनवतेय. असा अपमान माझा शाळेत पण झाला नाही, आणि शाळेनं काही कमी प्रयत्न केले नव्हते.

पण ऐक. आज सकाळी पार्सल बांधताना आई आली. हातात वेगळा एक कागद. म्हणाली, "हा पण टाक त्यात."

मी म्हटलं, कशात?

म्हणाली, "ज्यात तू टाकतेस त्यात."

तो कपाटाचा नाही. ऑर्डरमध्ये नाहीच तो. मी उजेडात धरून बघितला. टेबल आहे, ताई. आपलं. कडेचा तो उडालेला टवका पण कापलाय तिनं. आणि खुर्च्या तीन. उजव्या टोकाची खुर्ची जरा बाहेर ओढलेली, कुणी उठून गेल्यासारखी. किंवा बसणार असल्यासारखी, कागदात ते कळत नाही. टिकली उजवीकडे.

काही लिहिलेलं नाही त्यावर. तिला बोलायचं असतं तर बोलली असती आणि परत भांडण झालं असतं, म्हणून तिनं कापलं.

याची घडी घालून पाठव. एवढी एक घाल. बाकी बाईंची नाही घातलीस तरी मी त्यांना सांगेन वाळवीनं खाल्ली, ग्रंथालयवाल्यांना पटेल ते.

भिंगरी


१ डिसेंबर

ताई,

तुझा शेवटचा गठ्ठा वेळेवर आला. कपाटं सगळी आली. टेबल नाही आलं.

मी खोकं दोनदा बघितलं, मग आईनं बघितलं, पातळ कागद एकेक उलगडून. मग तिनं ते पातळ कागद एकावर एक नीट ठेवले आणि म्हणाली, हे परत कामाला येतील.

काल बाईंचा कार्यक्रम झाला. वाचनाच्या लांब टेबलावर त्यांनी सगळी कार्डं उघडून मांडली होती, लोक येतील तसं एकेक द्यायला. कपाटांचं गावच वसलं होतं. मुद्दाम खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या बाईंनी. वारा आला, कागद उडाले, कुणाची तरी टोपी उडाली. एक कार्ड पडलं नाही. मी एकाच कार्डात बटण बसवलं होतं, ते नेमकं बाईंनी स्वतःच उघडलं. किंचाळल्या. मग माझा कान धरला, मग हसल्या, मग रडल्या, सगळं कान धरूनच.

आईला मी ओढून नेलं होतं. ती दाराशी उभी होती, पदर सारखा करत, आत यायला तयार नाही. एक चष्मेवाले आजोबा कार्ड नाकाजवळ धरून बघत होते. त्यांनी तिला विचारलं, कापलंय तर सुंदरच, पण एवढी सरळ घडी कोण घालतं हो?

मला वाटलं आता "ती" म्हणेल, "तिकडून" म्हणेल.

आई म्हणाली, "माझी मोठी."

आजोबा म्हणाले, आलीय का ती? आई म्हणाली, नाही. कामाला असते. लांब. आणि मग कुणी न विचारता म्हणाली, "लहानपणापासून डावखुरी आहे. शिकवताना मला सगळं उलटं करून शिकवावं लागलं."

घरी येताना तिचा पाय माझ्यापेक्षा भरभर पडत होता.

आता तू सांग. टेबल कुठं आहे?

भिंगरी


११ डिसेंबर

ताई,

यात बटण नाही. घाबरू नकोस.

एवढंच विचारते, तो कागद हरवला का? फाटला का? हरवला असेल तर तसं कळव, मी तिला सांगते, परत कापेल. राग आला असेल तर तसंही कळव. तुला वाटत असेल की तिनं तोंडानं सॉरी म्हणायला हवं होतं, तर ते तिला जमत नाही. तुलाही कुठं जमतं? तुम्हा दोघींच्या वाटचं मीच म्हणून टाकू का?

टपालवाले काका दिसले की आई दारात जाऊन उभी राहते. काकांना वाटतं आता आईपण काहीतरी करणार, म्हणून ते तिच्या हातात पत्रं देतात आणि मागं सरकतात. विजेचं बिल येतं.

मी काही विनोद लिहिणार होते इथं. सुचत नाहीये.

भि.


२१ डिसेंबर

ताई,

दुष्ट, नालायक, लबाड ताई.

आज लिफाफा आला. जाडसर, चपटा, तुझं अक्षर. आई म्हणाली तू उघड. तिचे हात ओले नव्हते तरी पदराला पुसत होती. मी टेबलाशी बसले आणि फाडला.

खर्रर्रर्र.

मी खुर्चीसकट मागे गेले. खरंच गेले, कोपर सोललंय. माझंच बटण! कोटाचं! माझंच शस्त्र माझ्यावर, आणि पीळ तू माझ्यापेक्षा जास्त दिला होतास, थांबतच नव्हतं, जमिनीवर पडून सुद्धा गरगरत होतं. आणि आई, ताई, आई हसायला लागली. भिंतीला धरून हसली. माझ्या सोललेल्या कोपराकडे बोट दाखवून हसली. बटण थांबलं तरी ती थांबेना. मग डोळे पुसले आणि म्हणाली, अगं आत काय आहे ते बघ.

आत टेबलाचा कागद होता. जसा गेला तसा. सपाट. घडी नाही.

मला वाटलं, संपलं. नको म्हणून परत पाठवला. मी तो पालथा घालणार होते, तिला दिसू नये म्हणून. पण आईनं घेतला माझ्या हातातून. खिडकीशी नेला, तिरका धरला उजेडात, आणि बोट फिरवलं. आणि मला म्हणाली, इकडे ये.

रेघ होती, ताई. टेबलाच्या मधून, तिन्ही खुर्च्यांच्या पाठीतून, संपलेल्या बॉलपेननं ओढलेली, केसाएवढी बारीक, सरळ. उजवीकडून सुरू केलेली. टिकली खोडलेली. रेघ मारली होतीस आणि दुमडलं नव्हतंस.

मी बावळटासारखी म्हणाले, मग घालू का मी घडी? चमचा पण उचलला.

आईनं चमचा काढून घेतला हातातून. म्हणाली, "ज्यानं रेघ मारली तो दुमडेल."

मग तिनं काय केलं सांगते. खोकी उचलली, तुझ्या टोकाची, एकेक. मला हात लावू दिला नाही. खाली धूळ होती ती पुसली. खुर्ची आतल्या खोलीतून आणली, तिचा एक पाय हलतो ना, त्याखाली कागदाची चौकोनी घडी करून ठेवली. स्वतः घातली ती घडी, तिरकी होती, पण खुर्ची हलत नाही आता. मग तो कागद तुझ्या जागेवर ठेवला आणि वर बाबांची इस्त्री. चमचा धुतला, पुसला, आणि ग्लासात नाही ठेवला, इस्त्रीशेजारी ठेवला. डाव्या हाताला.

दुपारी तिथं ऊन पडलं, टेबलावर. मी बघत बसले आणि चिकटवायचं राहिलं. आई ओरडली. बरं वाटलं.

ती आता परत घडीची कार्डं कापतेय. कोण घालणार म्हणून मी विचारलं नाही. गठ्ठा लावून ठेवतेय नुसती, सगळ्या टिकल्या उजवीकडे.

हे पत्र तुला मिळेल की तू आधीच निघालेली असशील, ठाऊक नाही. मिळालं तर एवढंच. आल्यावर दार वाजवू नकोस, उघडंच आहे. आईशी आल्या आल्या बोलू नकोस, तुम्ही बोललात की भांडता. आधी बस आणि घडी घाल. मी मध्ये तोंड घालणार नाही, निदान घडी दाबून होईपर्यंत. मी माझं कोपर आत घेऊन बसेन.

आणि बसायच्या आधी खुर्चीखाली बघ. काही ठेवलेलं नाही. तरी बघ.

तुझी,
भिंगरी